पाऊस पडल्याचा निरोप

"मॅडम, क्रॉसिंग नक्की दिसेल ना?"

गेली सतरा वर्षं मी पुण्यातून पूर्व आफ्रिकेच्या सहली आखते. हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो. क्रॉसिंग म्हणजे विल्डबीस्टच्या कळपांनी मारा नदी ओलांडणं. टीव्हीवर ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं: उंच काठावरून धुळीच्या लोटात घेतलेल्या उड्या, खाली गढूळ पाणी, मगरीचा जबडा. विचारणाऱ्याच्या मनात त्याची एक वेळ ठरलेली असते. वारीच्या वेळापत्रकात वाखरीचं रिंगण कधी ते छापलेलं असतं ना, तशी.

मी सांगते, नक्की नाही सांगता येणार. पलीकडे थोडी शांतता होते आणि मग येतो दुसरा प्रश्न: "मग तुम्ही आखता काय?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर सापडायला मला बरीच वर्षं लागली.

सुरुवातीला मीही नकाशाच्या भरवशावर होते. टांझानियातलं सेरेंगेटी आणि केनियातलं मसाई मारा यांच्यावरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारा एक मोठा बाण, आणि त्यावर महिन्यांची नावं. जानेवारी ते मार्च दक्षिणेला न्डुटूच्या माळावर, एप्रिल-मे मध्य सेरेंगेटीतून वायव्येकडे, जूनमध्ये ग्रुमेती नदीच्या आसपास, जुलै ते ऑक्टोबर उत्तरेला मारा नदीच्या दोन्ही तीरांवर, नोव्हेंबर-डिसेंबरात परत दक्षिणेकडे. तो नकाशा मी ऑफिसच्या भिंतीवर लावला आणि रेल्वेच्या वेळापत्रकासारखा वाचू लागले. अमुक तारखेला अमुक स्टेशन.

टांझानियातल्या अरुशाचा एक ड्रायव्हर-गाइड माझ्याबरोबर पहिल्यापासून काम करतो. दुसऱ्या की तिसऱ्या फेरीत त्याने मला जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून समजावलं. त्याच्या कागदावर महिने नव्हतेच. फक्त दोन शब्द होते: मसिका आणि वुली. मसिका म्हणजे मार्च ते मेचा मोठा पाऊस, वुली म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरचा छोटा पाऊस. तो म्हणाला, कळप कुठे आहेत हे मला विचारू नकोस, गवत कुठे उगवणार ते विचार. न्युंबू, म्हणजे विल्डबीस्ट, तेच बघतो.

त्या दिवशी मला कळलं ते असं. सेरेंगेटीच्या दक्षिण-आग्नेय भागात वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, उत्तरेकडे त्याच्या दुपटीहून अधिक. पण उत्तम गवत दक्षिणेकडे. गोरोंगोरोच्या डोंगरांतले जुने ज्वालामुखी आणि अजूनही धुमसणारा ओल डोइन्यो लेंगाई यांची राख हजारो वर्षं त्या माळावर पडत आली. त्या मातीतलं गवत बोटभर उंचीचं, पण कॅल्शियम आणि फॉस्फरसने भरलेलं. पान्हा फुटलेल्या माद्यांना तेच हवं असतं. अडचण एकच, पाऊस थांबला की तिथे प्यायला पाणी उरत नाही. जी तळी असतात ती खारी होत जातात. म्हणून कळपांना उठावं लागतं. मारा नदीला मात्र वर्षभर पाणी असतं, कारण ती केनियातल्या माऊ जंगलात उगम पावते.

म्हणजे ज्या मारासाठी माणसं सगळ्यांत जास्त पैसे मोजतात, तो त्या जनावरांचा आवडता मुक्काम नव्हेच. तो नाइलाजाचा आसरा आहे. माण-खटावच्या माणसाला हे एका वाक्यात कळतं, कारण त्याने चारा छावणी पाहिलेली असते. आपलं रान सोडून कुणी हौसेने जात नाही. दक्षिणेकडे ढग जमल्याचा पहिला सुगावा लागला की कळप उत्तरेतून निघतात, मग उत्तरेला गवत शिल्लक असो वा नसो.

हे समजल्यावर माझी खरी पंचाईत सुरू झाली. आफ्रिकेतला पाऊस आणि महाराष्ट्रातल्या शाळेची सुट्टी यांचं काही केल्या जमत नाही. आपल्याकडे सहल म्हणजे मे महिना, नाहीतर दिवाळी. मेमध्ये तिकडे मसिका चालू. काळी चिकणमाती अशी होते की चारही चाकांचा जोर असलेली लँड क्रूझरही रुतून बसते. २०२४ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला मारातल्या तलेक नदीला पूर आला, काठावरच्या कित्येक कॅम्पमध्ये पाणी शिरलं आणि पर्यटकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. त्याआधीही मी मेमध्ये मारा टाळतच होते, आता तर साफ नाही म्हणते. जुलै-ऑगस्टमध्ये कळप उत्तरेत असतात, पण तेव्हा इकडे शाळा नुकत्याच सुरू झालेल्या, शेतीवाल्यांची पेरणी-खुरपणी, आणि लगेच गणपती. फेब्रुवारीत तिकडे वासरं जन्माला येतात आणि इकडे दहावी-बारावीच्या परीक्षा डोक्यावर असतात. उरते दिवाळी. ती कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात. कळपांच्या परतीच्या ऐन तोंडावर.

२०१९ सालची दिवाळी मी विसरणार नाही.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होतं. भाऊबीज उरकून तीसला निघायचं असं ठरवून मी सोळा जणांचं बुकिंग वर्षभर आधी केलं होतं. आधीच्या दोन वर्षांत ऑक्टोबरअखेर मारात मोठे कळप मिळाले होते. त्या आठवणीवर विसंबून मी माहितीपत्रकावर नदी ओलांडणाऱ्या कळपाचा फोटो छापला. शब्दांत हमी दिली नव्हती, पण फोटोने दिली होती. ही चूक माझी, आणि ती मी आजही कबूल करते.

त्या वर्षी पुण्यात ऑक्टोबर सरत आला तरी पाऊस थांबला नव्हता. ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं होतं. हे सगळं डोळ्यांसमोर असूनही ढगांची ही गर्दी समुद्रापलीकडच्या ढगांशी जोडलेली आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही. हिंदी महासागराचा पश्चिमेकडचा, म्हणजे आफ्रिकेच्या बाजूचा भाग पूर्वेपेक्षा जास्त तापला की पूर्व आफ्रिकेत वुलीचा पाऊस दणकून पडतो, आणि बहुतेक वेळा आपल्या मान्सूनलाही त्याचा हात लागतो. हवामानवाले त्याला इंडियन ओशन डायपोल म्हणतात. २०१९ मध्ये तो आजवरच्या नोंदींतल्या सर्वांत जोरदार डायपोलांपैकी एक होता. केनिया-टांझानियात छोटा पाऊस ऑक्टोबरातच मोठा होऊन बसला.

आम्ही पोहोचलो तेव्हा मारा हिरवीगार होती आणि रिकामी होती. नदी दुथडी भरून वाहत होती. दोन्ही काठांवर कळपांच्या खुरांनी पाडलेल्या घळी दिसत होत्या, त्यांत पाणी साचलेलं. सिंह दिसले, हत्ती दिसले, एक चित्ता पिलांसह दिसला. पण चिंचवडचे एक काका, बँकेतून निवृत्त झालेले, नातीला घेऊन आले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गाडीच्या उघड्या टपातून नुसते नदीकडे बघत उभे होते. कॅमेरा गळ्यात होता, झाकण न काढलेला. नात म्हणाली, "आजोबा, ते उद्या येतील का?" गाइडने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बसून तिला सांगितलं की त्यांच्या गावाला पाऊस पडला, म्हणून ते घरी गेले. काका माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

परत आल्यावर मी ते माहितीपत्रक बंद केलं. तेव्हापासून माझ्या कुठल्याही कागदावर क्रॉसिंगचा फोटो नसतो.

आता मी आखते ते दिवस, घटना नव्हे. नदीकाठी दोन रात्री मागणाऱ्याला मी चार सांगते. चार जमत नसतील तर नदीचा नाद सोडा आणि दुसरं काही पाहा, असं स्पष्ट सांगते. कळप वर्षातले बहुतेक महिने टांझानियात असतात, आणि उत्तरेत येतात तेव्हाही सगळे सीमा ओलांडत नाहीत. म्हणून काही गटांना मी केनियाऐवजी नदीच्या दक्षिणेला, टांझानियातल्या कोगातेंडेला ठेवते. दोन्ही बाजू पाहायच्या असतील तर प्रवासाचा एक आख्खा दिवस धरावा लागतो, कारण मारा आणि सेरेंगेटीमधली सीमा पर्यटकांना थेट ओलांडता येत नाही. इसेबानियाच्या नाक्यावरून वळसा घालून जावं लागतं. खर्चाचंही आधीच बोलते. २०२४ पासून मसाई मारात परदेशी माणसाला जुलै ते डिसेंबर दिवसाला दोनशे डॉलर प्रवेशशुल्क आहे, आधीच्या सहा महिन्यांत शंभर. चौघांच्या कुटुंबाला एक जादा दिवस म्हणजे केवढा भार, ते मला माहीत आहे, म्हणून तो दिवस मी उगाच सांगत नाही. बाकीच्या सूचना ठरलेल्या: पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, छोट्या विमानात माणशी पंधरा किलो आणि तेही मऊ बॅगेत, चाकांची पेटी चालत नाही. भाकरवडी न्यायची तर त्या पंधरा किलोंतच.

नदीवरची एक सकाळ सांगते. ऑगस्ट, कोगातेंडे. सकाळी सातला पलीकडच्या काठावर कळप गोळा व्हायला लागला. साडेनऊपर्यंत इतके झाले की मागचा माळ दिसेना. त्यांचा आवाज म्हणजे हंबरणं नव्हे. बैठ्या गळ्याचं, नाकातून येणारं घुमणं, हजारो गळ्यांतून एकाच वेळी. झेब्रे पाण्यापर्यंत उतरत, पाणी हुंगत, आणि उलटे फिरत. त्यांच्यामागे सगळा कळप फिरे. असं चार वेळा झालं. आमच्या बाजूला गाड्या वाढत होत्या. गाइडने आमची गाडी झाडामागे, काठापासून लांब घेतली. दोघांनी कुरकूर केली की इथून नीट दिसत नाही. तो म्हणाला, वर येण्याच्या वाटेवर गाडी दिसली तर ते उतरणार नाहीत, किंवा उतरतील आणि वर यायला जागाच मिळणार नाही. दुसऱ्या काही गाड्या मात्र पुढे सरकतच राहिल्या. त्या सकाळी मला माझ्या धंद्याची लाज वाटली. त्यांना तिथे आणणारी माझ्यासारखीच माणसं होती, आणि त्यांनाही कुणीतरी विचारलेलं असणार, नक्की दिसेल ना?

दुपारी पाऊणच्या सुमाराला एका विल्डबीस्टने उडी घेतली. का तेव्हाच, ते कुणीही सांगू शकत नाही. मग पाऊण तास खंड पडला नाही. मगरीने त्यातलं एकच ओढलं. बुडाले त्याहून जास्त, वळणावरच्या खडकांत, एकमेकांच्या अंगाखाली. मारा नदीत वर्षाला सरासरी सव्वासहा हजार विल्डबीस्ट बुडून मरतात. २००१ ते २०१५ या काळातल्या नोंदींवरून संशोधकांनी हा आकडा काढला आहे. मांस मासे, मगरी, गिधाडं आणि मराबू करकोचे खातात. हाडं नदीच्या तळाशी सात-सात वर्षं विरघळत राहतात आणि पाण्याला फॉस्फरस पुरवतात. हे मी आता गटाला आदल्या रात्रीच सांगून ठेवते. नाहीतर माणसं किनाऱ्यावर रडतात, आणि त्यांना धीर द्यायला माझ्याजवळ त्या क्षणी शब्द नसतात.

तरीही कुणी मला एकच महिना निवडायला सांगितला तर मी फेब्रुवारी निवडेन. शाळकरी मुलं नसलेल्यांना मी न्डुटूच सुचवते, आणि त्यामागे एक माणूस आहे.

२०१८ च्या फेब्रुवारीत माझ्या गटात सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त पशुवैद्य होते. पंचाहत्तरीचे, सोबत पत्नी. सगळे त्यांना डॉक्टरकाका म्हणायचे. आयुष्यभर माण आणि खटाव तालुक्यांत सायकलवरून, पुढे मोटरसायकलवरून गावोगाव फिरलेले. गाडीत ते फारसं बोलत नसत. पहिल्या सकाळी आम्ही माळावर थांबलो तेव्हा समोर क्षितिजापर्यंत माद्या होत्या आणि त्यांच्यात फिक्या तांबूस रंगाची वासरं. ऐन हंगामात दोन-तीन आठवड्यांत लाखो वासरं जन्माला येतात, दिवसाला हजारोंनी. सिंह, तरस, कोल्हे यांना खाऊन खाऊन किती खाणार? एकदमच जन्मलेल्यांतली बरीच त्यामुळे वाचतात. आमच्यापासून पन्नास पावलांवर एक मादी व्यायली. डॉक्टरकाकांनी घड्याळ काढलं. वासरू धडपडलं, पडलं, पुन्हा उठलं. "सात मिनिटं," ते हळूच म्हणाले. "आपल्या गाईचं वासरू अजून आडवंच असतं, पोरी."

त्या रात्री शेकोटीजवळ गाइड या कळपांचा इतिहास सांगत होता, आणि मी त्याचं मराठी करत होते. १८९० च्या दशकात इकडे गुरांची एक साथ आली. मसाई लोक त्या काळाला 'एमुताई' म्हणतात, म्हणजे सगळं पुसून टाकणारा. गुरं मेली, मागोमाग माणसं उपासमारीने मेली, रानातले विल्डबीस्ट आणि रेडे मेले. पुढे कितीतरी दशकं ती साथ रानात टिकून राहिली, दर वर्षी नवी वासरं न्यायची. मी रिंडरपेस्ट हा शब्द म्हणाले आणि डॉक्टरकाका ताठ बसले.

"बुळकांडी," ते म्हणाले.

मग ते बोलायला लागले आणि मी त्यांचं इंग्रजी करू लागले. तोंडात आलेले फोड, डोळ्यांतून धारा, पाण्यासारखी हगवण, आणि आठवड्याच्या आत दावणच्या दावण मोकळी. त्यांच्या वडिलांच्या लहानपणी अशी एक खेप घरात झाली होती. नोकरीत आल्यावर सुरुवातीला शेळीच्या ऊतकांपासून केलेली लस, मग दुसरी, प्रयोगशाळेत पेशींवर वाढवलेली. थर्मासात बर्फ घालून न्यायची, बर्फ वितळायच्या आत टोचायची. लस टोचली की गाय आटते अशी अफवा असायची, तेव्हा गुरं रानात लपवली जायची. भारतात बुळकांडीचा शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये झाला, आणि २०११ मध्ये तो रोग जगातूनच संपल्याचं जाहीर झालं. तोवर ते निवृत्त झाले होते.

"ती दुसरी लस," ते म्हणाले, "काबेटे जातीच्या विषाणूची. कॉलेजात शिकवलं होतं. काबेटे कुठे आहे, हे मात्र मी कधी कुणाला विचारलं नाही."

गाइडने मान वर केली. काबेटे नैरोबीला लागून आहे. तिथून पुढे थोड्याच अंतरावर मुगुगा. तिथल्या प्रयोगशाळेत वॉल्टर प्लोराइट यांनी १९६० च्या सुमारास ती लस तयार केली. रोग हिंदुस्थानातून नेलेल्या गुरांबरोबर १८८७ मध्ये इरिट्रियात उतरला असं मानलं जातं. म्हणजे रोग इकडून तिकडे गेला, आणि लस तिकडून इकडे आली. सेरेंगेटीत रानातल्या जनावरांना कुणी सुई टोचली नव्हती. भोवतालच्या गावांतल्या गुरांना टोचली, आणि रानातली साथ आपोआप विझली. १९६१ मध्ये इथे विल्डबीस्ट होते अडीच लाखांच्या आसपास. पुढे कोरड्या महिन्यांतल्या चांगल्या पावसाचीही साथ मिळाली, आणि १९७७ पर्यंत ते तेरा-चौदा लाख झाले.

डॉक्टरकाका बराच वेळ निखाऱ्यांकडे बघत राहिले. काकूंनी त्यांच्या अंगावर शाल टाकली. मग त्यांनी गाइडला एक प्रश्न विचारला, तो मी कधीच विसरले नाही: "त्या गावांत लस टोचायला जी पोरं फिरली, त्यांची नावं कुणी लिहून ठेवलीत का?" गाइडला ते ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ते माळावर गाडी थांबवायला सांगायचे आणि वासरं मोजायचे. एका वहीत उभ्या रेघा, पाचवी आडवी. काकू म्हणाल्या, नोकरीत असताना रोज रात्री हेच करत असत, टोचलेल्या जनावरांचा हिशेब.

त्यानंतर मी न्डुटूला जाणाऱ्या प्रत्येक गटाला हे सांगते. पाच दिवसांत नदी दिसत नाही, उड्या दिसत नाहीत. पण माणसं बडबड न करता तासन्‌तास बसून राहतात, हे मी केवळ तिथेच पाहिलं आहे. अर्थात न्डुटूचंही गणित पावसावरच. नोव्हेंबर-डिसेंबरात वुली नीट पडली नाही तर कळप माळावर उशिरा येतात, पांगतात, आणि माझा कॅम्प एका टोकाला आणि वासरं दुसऱ्या टोकाला असं होतं. म्हणून कॅम्प जागा बदलणारा असेल तर तोच घेते, आणि दोन रात्री मध्य सेरेंगेटीत राखून ठेवते. नोव्हेंबर लागला की रोज पहाटे उठून मी हिंदी महासागराच्या तापमानाचा नकाशा बघते. घरचे म्हणतात, पेपरात आपल्याकडचं हवामान तरी बघत जा.

मागच्या नोव्हेंबरात एका सकाळी फोन वाजला. गाइडच्या आवाजातला निरोप. मागे टपावर पडणाऱ्या थेंबांचा खडखडाट, आणि दोनच शब्द: "म्वुआ इमेआन्झा." पाऊस सुरू झाला.

मी फेब्रुवारीची यादी उघडली. पहिलं नाव चिंचवडच्या काकांचं. मध्ये करोनाची वर्षं गेली, नात कॉलेजात गेली. बुकिंग करताना त्यांनी क्रॉसिंगचं नावही काढलं नव्हतं. मी तो निरोप त्यांना तसाच पाठवला, खाली मराठीत अर्थ लिहून. दोन मिनिटांत उत्तर आलं: "इकडचा कालच थांबलाय."

मी न्डुटूच्या कॅम्पला फोन लावला.